सोरायसिस: मलम किती लावायचं, कधी थांबवायचं आणि मधल्या दिवसांत काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४१, आठ वर्षांपासून सोरायसिस. चट्टे कोपरांवर, गुडघ्यांवर, कमरेवर आणि डोक्यात. मलम लावलं की पंधरा दिवसांत जातात, थांबवलं की महिन्याभरात परत येतात, कधी आधीपेक्षा जास्त. थंडीत तळपाय फुटतात. घरचे म्हणतात, वांगं, दही, आंबट बंद कर. केस कापायला गेलं की नकार मिळतो. मुलीलाही होईल का, ही धास्ती. रोजच्या जगण्यात नेमकं करायचं काय?

तुम्ही लिहिलेलं ‘लावलं की जातं, थांबवलं की येतं’ हे वाक्य पकडून पुढे जाऊ, कारण बाकीच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात. निरोगी त्वचेत खालच्या थरात तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये प्रतिकारशक्तीच्या चुकीच्या इशाऱ्यामुळे हाच प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो. कच्च्या पेशी एकमेकींना चिकटून पांढरट खवले होतात आणि खालच्या रक्तवाहिन्या फुगल्यामुळे लाली दिसते. मलम तो वेग आणि ती सूज उतरवतं. पण चट्टा दिसेनासा झाल्यावरही प्रतिकारशक्तीच्या काही पेशी त्या जागी ठाण मांडून राहतात. म्हणूनच तो पुन्हा त्याच कोपरावर, त्याच गुडघ्यावर उठतो. तेव्हा मलम निकामी आहे असं समजून दर वर्षी नवं मलम, नवे डॉक्टर शोधण्यापेक्षा आहे तेच औषध किती लावतो आणि कसं थांबवतो, हे आधी तपासा. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं.

मात्रा मोजायची सोपी पद्धत आहे. ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ काढा. मोठ्या माणसाच्या बोटावर हे साधारण अर्धा ग्रॅम भरतं आणि बोटांसकट दोन तळहात मावतील एवढ्या त्वचेला पुरतं. तुमचे दोन्ही कोपर आणि दोन्ही गुडघे मिळून चार तळहातांएवढे चट्टे धरले, तर एका वेळेला दोन रेघा, म्हणजे एक ग्रॅम. दिवसातून दोनदा लावायला सांगितलं असेल तर १५ ग्रॅमची ट्यूब आठवड्यात संपायला हवी. ती दोन महिने पुरत असेल, तर औषध चालत नाही असं म्हणता येणार नाही, ते पोचतच नाहीये. याउलट क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टिरॉइड आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर कधीही जाऊ नये आणि सलग दोन ते चार आठवड्यांपेक्षा जास्त रोज लावू नये. जाड थर देण्यात काही फायदा नाही. पातळ लावून हलक्या हाताने लवेच्या दिशेने पसरवा, चोळू नका.

थांबवायचं कधी? डोळे मिटून चट्ट्यावरून बोट फिरवा. आजूबाजूच्या त्वचेइतकाच सपाट आणि मऊ लागला, की रोजचं स्टिरॉइड थांबवायची वेळ झाली. डोळ्यांवर विसंबू नका. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर चट्टा बरा झाल्यानंतरही काळपट किंवा फिकट डाग कित्येक महिने राहतो. तो डाग म्हणजे आजार नव्हे. त्याच्यावर स्टिरॉइड लावत राहिलं तर त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, जांघेत आणि काखेत कायमचे ताणरेषांसारखे वण पडतात. ही चूक फार लोक करतात, आणि त्यातले काहीजण अगदी मन लावून उपचार करणारे असतात.

सपाट झाल्यावर एकदम सगळं बंद करणं ही दुसरी चूक. डॉक्टरांशी बोलून उतरण ठरवून घ्या. एक नेहमीची रीत अशी: स्टिरॉइड फक्त शनिवार-रविवार, बाकीचे पाच दिवस कॅल्सिपोट्रिओल. हे ड जीवनसत्त्वाच्या जातीचं औषध आहे, त्याने त्वचा पातळ होत नाही. मोठ्या माणसाला त्याची कमाल मर्यादा आठवड्याला १०० ग्रॅम. सुरुवातीला थोडं चुरचुरतं. ते लावताना एक नेम पाळा: सॅलिसिलिक अ‍ॅसिड असलेलं मलम त्याच वेळी, त्याच जागी लावायचं नाही. त्या आम्लाने कॅल्सिपोट्रिओल निकामी होतं. दोन्ही लिहून दिलेली असतील तर कोणतं सकाळी आणि कोणतं रात्री, हे विचारून घ्या.

चेहरा, काख, जांघ, स्तनांखालची घडी, जननेंद्रियं इथे कोपराचं मलम लावू नका. तिथली त्वचा पातळ असते, औषध कितीतरी जास्त आत शिरतं. तिथे सौम्य स्टिरॉइड थोडे दिवस किंवा टॅक्रोलिमस हे स्टिरॉइड नसलेलं मलम वापरतात. टॅक्रोलिमस लावल्यावर पहिले काही दिवस आग होते, ती हळूहळू कमी होते, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी ट्यूब फेकू नका.

आणि मेडिकलमधून ‘खाजेचं मलम’ मागून घेणं पूर्ण बंद करा. असल्या कित्येक मलमांत तीव्र स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. सोरायसिसला त्यातल्या दोन गोष्टींचा काही उपयोग नाही, आणि तिसरी किती दिवस लावायची हे सांगणारं कोणी नसतं. उलट जांघेत आधीपासून नायटा असेल तर स्टिरॉइडने तो दबल्यासारखा वाटून पसरत जातो.

आता आंघोळ. पाणी कोमट हवं, कढत नको. कढत पाण्याने खाज तेवढ्यापुरती थांबते, पण त्वचेतलं तेल निघून जातं आणि तासाभराने दुप्पट खाज सुटते. दहा मिनिटं पुरेत. साबण फक्त काख, जांघ आणि पावलांना. जंतुनाशक साबण किंवा पाण्यात जंतुनाशक द्राव टाकण्याची गरज नाही, हा आजार जंतूंचा नाही. वजरी, घासणी, नारळाची शेंडी, लिंबाची फोड यांतलं काहीही चट्ट्यावर फिरवायचं नाही, दिवाळीचं उटणंसुद्धा नाही. यामागे नुसती काळजी नाही, पक्कं कारण आहे. सोरायसिस असलेल्या त्वचेला जिथे इजा होते, तिथे साधारण १० ते २० दिवसांनी नवा चट्टा उठू शकतो. हाइनरिख कोब्नर या जर्मन डॉक्टरांनी हे एकोणिसाव्या शतकात नोंदवलं, आणि त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. खवला उपटला की खाली रक्ताचे बारीक थेंब दिसतात, ती सुद्धा इजाच. खवला निघायलाच हवा असतो, पण तो मऊ करून, आपणहून सुटेल असा.

हे कळलं की दिवसातल्या कितीतरी बारीकसारीक गोष्टींकडे वेगळ्या नजरेने पाहता येतं. कमरेवरचा तुमचा चट्टा पट्ट्याच्या रेषेत आहे का पाहा. बायकांमध्ये हीच जागा परकराच्या नाडीची असते. नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक वापरलं, किंवा नाडीची जागा रोज दोन बोटं वरखाली केली, तरी फरक पडतो. घड्याळाचा घट्ट पट्टा, हेल्मेटची कड, जमिनीवर कोपर टेकून टीव्ही पाहणं, मांडी घालून बसताना घासणारे बाहेरचे घोटे, गुडघ्यांवर बसून करायची कामं, सगळं त्यात आलं. गुडघ्यांखाली जाड घडी घाला. दाढीला वस्तऱ्यापेक्षा ट्रिमर बरा. गोंदवून घेऊ नका.

आंघोळीनंतर पंचाने टिपून घ्या, पुसू नका, आणि अंग ओलसर असतानाच, तीन ते पाच मिनिटांत, मॉइश्चरायझर लावा. यात महागडं काही लागत नाही. व्हाइट सॉफ्ट पॅराफिन आणि लिक्विड पॅराफिन असलेलं कोणतंही बिनवासाचं क्रीम चालतं. कोपर-गुडघ्यांना साधं पेट्रोलियम जेलीसुद्धा पुरतं. खोबरेल तेल चालतं, मोहरीचं तेल झोंबतं म्हणून नको. मात्र मात्रा मोठी लागते: सगळ्या अंगाला दिवसातून दोनदा लावायचं तर मोठ्या माणसाला आठवड्याला २५० ग्रॅमच्या पुढे. ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवली तर हाती काही लागत नाही, त्यापेक्षा मोठा डबा घ्या. औषधी मलम आणि मॉइश्चरायझर यांत अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर मलम पातळ होऊन चट्ट्याबाहेर पसरतं. चट्टे नसलेल्या दिवसांतही हे चालू ठेवायचं, आणि खरं तर याच दिवसांत ते सोडून दिलं जातं.

एक धोका फारसा कोणी सांगत नाही. पॅराफिन किंवा तेल कपड्यांत मुरतं आणि असा कपडा पटकन पेट घेतो. धुतल्यावरही तो अंश पूर्ण निघत नाही. स्वयंपाक करताना गाऊनची बाही, ओढणी, पदर गॅसच्या जवळ जाऊ देऊ नका. मॉइश्चरायझर लावून लगेच ओट्यापाशी किंवा देवापुढे निरांजन लावायला जाऊ नका. अंगाला मलम असताना बिडी-सिगारेट तर नाहीच.

तळपायांच्या भेगांसाठी रात्रीची वेळ चांगली. कोमट पाण्यात पाय दहा मिनिटं बुडवा, टिपा, लिहून दिलेलं मलम लावा, अर्ध्या तासाने १० ते २० टक्के युरियाचं क्रीम किंवा पेट्रोलियम जेली, वरून सुती मोजे. उघड्या भेगेत युरिया झोंबतो, तिथे आधी नुसती जेली. ब्लेडने कातडं कापणं हा हातापायांच्या सोरायसिसमधला सगळ्यात वाईट उद्योग आहे. इजा होते, जंतुसंसर्ग होतो आणि जाडी आणखी वाढते.

डोक्याला वेळ द्यावा लागतो. मलम किंवा लोशन खवल्यांवर लावून उपयोग नाही, आधी खवला काढला तरच ते खालच्या त्वचेपर्यंत पोचतं. रात्री केसांचे भांग पाडत जा आणि प्रत्येक भांगात सॅलिसिलिक अ‍ॅसिड घातलेलं तेल किंवा मलम बोटाच्या पेराने लावा, नखाने नाही. ते मिळालं नाही तर कोमट खोबरेल. डोक्याला जुना सुती रुमाल बांधून झोपा. सकाळी खवले मऊ झालेले असतात. रुंद दातांचा कंगवा त्वचेला जवळजवळ आडवा धरून हलकेच उचला. निघतील तेवढेच काढा, उरलेले उद्या. मग डांबरयुक्त, म्हणजे कोल टारचा शाम्पू लावा आणि तो पाच ते दहा मिनिटं डोक्यावर राहू द्या. लावला आणि लगेच धुतला तर त्यातलं औषध गटारात जातं. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. डोकं कोरडं झाल्यावर भांग पाडून स्टिरॉइडचं लोशन, तेही ठरलेल्या दिवसांपुरतं. हे सगळं आठ-दहा दिवस नेटाने केलं की जाड थर सुटतो. फणी जोरात फिरवून एका दिवसात डोकं साफ करायला गेलं की केस गळतात. ते बहुतेक वेळा परत येतात, पण घाबरगुंडी उडते ती उडतेच.

केस कापायला नकार मिळतो तो आजार चिकटतो या समजुतीने. सोरायसिस स्पर्शाने, कंगव्याने, एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने, शरीरसंबंधाने, कशानेही लागत नाही. लोकांच्या मनात महारोगाची किंवा नायट्याची भीती असते. डॉक्टरांकडून ‘संसर्गजन्य नाही’ अशी लेखी चिठ्ठी घेऊन ठेवा. सलून, पोहण्याचा तलाव, वसतिगृह, कारखान्याचं कँटीन, सगळीकडे ती कामाला येते. केस धारदार ब्लेडने नाही, ट्रिमरने कापायला सांगा.

हवामानाचं म्हणाल तर थंडीत कोरड्या हवेने वाढतं. नाशिक, पुणे, मराठवाडा, विदर्भ इकडे दिवाळी उलटली की मॉइश्चरायझरची वेळ एकाची दोन करा, चट्टे उठायची वाट पाहू नका. कोकणात आणि मुंबईत घाम आणि ओल हा प्रश्न जास्त असतो, विशेषतः पावसाळ्यात. ओले कपडे आणि रेनकोटचं घर्षण घड्यांमध्ये चट्टा वाढवतं, शिवाय तिथे बुरशीही सोबत येते. घड्या टिपून कोरड्या ठेवा. तिथला लाल, खवला नसलेला, चकचकीत चट्टाही सोरायसिसच असू शकतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात दहा-पंधरा मिनिटं चट्टे उघडे ठेवले तर बहुतेकांना बरं वाटतं, पण त्वचा भाजेपर्यंत बसलात तर तीही इजाच ठरते.

पथ्याबद्दल स्पष्ट सांगते. वांगं, दही, आंबट, मीठ, मासे-दूध एकत्र, यांतलं काही बंद केल्याने सोरायसिस जातो असा भरवशाचा पुरावा नाही. एखादा पदार्थ खाल्ला की दर वेळी वाढतं अशी तुमची स्वतःची नोंद असेल तर तो टाळा, पण सगळं बंद करून डाळ-दुधाला मुकू नका. खवल्यांतून प्रथिनं जातात, जेवण चांगलं हवं. ज्याने खरा फरक पडतो ते तीनच: वजन, दारू, तंबाखूचा धूर. वजन जास्त असेल तर ते पाच ते दहा टक्क्यांनी उतरवल्यावर चट्टे कमी होतात आणि औषधंही जास्त लागू पडतात. या आजारात मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि यकृतावरची चरबी यांचं प्रमाण जास्त असतं, म्हणून वर्षातून एकदा या तपासण्या करा आणि कमरेचा घेर लिहून ठेवा. दुसऱ्या आजारांची काही औषधंही सोरायसिस भडकवतात: लिथियम, रक्तदाबाच्या बीटा ब्लॉकर गोळ्या, क्लोरोक्विन गटातली औषधं. ती मनाने बंद करू नका, मात्र लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आजार माहीत हवा.

मलमांनी भागत नसेल, अंगाचा बराच भाग व्यापला असेल, किंवा जागा थोडी पण तळहात, चेहरा, जननेंद्रियं अशी असेल, तर पुढचे उपचार आहेत. बोटांसकट तुमचा एक तळहात म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. दहा तळहातांच्या पुढे गेलं तर नुसत्या ट्यूबवर महिने काढू नका. ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांची फोटोथेरपी, म्हणजे प्रकाशाचा उपचार, आठवड्यातून दोन-तीनदा, साधारण २० ते ३० वेळा घेतात. बऱ्याच वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांत तिची सोय असते. त्यापुढे गोळ्या आणि बायोलॉजिक इंजेक्शनं, म्हणजे प्रतिकारशक्तीचे ठरावीक चुकीचे इशारे रोखणारी औषधं. इंजेक्शनांच्या आधी क्षयाची तपासणी झालीच पाहिजे, आपल्याकडे दबलेला क्षय पुष्कळांच्या अंगात असतो.

गोळ्यांपैकी मेथोट्रेक्सेटवर थांबायला हवं, कारण ती उत्तम आणि स्वस्त गोळी आहे, आणि एका चुकीने जीव घेते. सोरायसिसमध्ये ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज एक अशी समजून घेतली तर काही दिवसांतच तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, माणूस दगावू शकतो. म्हणून एक वार पक्का ठरवा आणि ‘दर सोमवारी’ असं चिठ्ठीवर आणि पाकिटावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. घरातल्या आणखी एका माणसाला तो वार माहीत हवा. डबी रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांसोबत ठेवू नका. या गोळीच्या अडीच, पाच, साडेसात, दहा मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदी दिसायला सारख्या असतात, तेव्हा दर वेळी पाकीट बदललं की आकडा वाचा. सोबत दिलं जाणारं जीवनसत्त्व फोलिक अ‍ॅसिड वेगळ्या दिवशी. सोमवार चुकला आणि दोन दिवस उलटून गेले, तर थेट पुढचा सोमवार. दारू बंद. रक्त आणि यकृताच्या तपासण्या ठरल्या वेळी. ताप, घसादुखी, तोंडात फोड किंवा नवा दम-खोकला सुरू झाला तर पुढची गोळी न घेता फोन करा. सल्फा-ट्रायमेथोप्रिम जातीचं अँटिबायोटिक तिच्यासोबत चालत नाही, त्यामुळे दुसऱ्या कोणत्याही दवाखान्यात गेलात तर आधी हिचं नाव सांगा. मूल हवं असेल किंवा दिवस जाण्याची शक्यता असेल, तर ती सुरू करण्याआधीच सांगायला हवं. गरोदरपणात ती पूर्ण वर्ज्य आहे.

‘सात दिवसांत मुळापासून’ अशा हमीने मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून आणि पोटातून घ्यायच्या स्टिरॉइडपासून दूर राहा. अशा पुड्यांत कधी स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, कधी शिसं-पारा. स्टिरॉइड पोटात गेलं की चट्टे भराभर विरतात आणि बंद केल्यावर आजार उसळतो, कधी पूने भरलेल्या बारीक फोडांच्या रूपात. वैद्यांचे उपचार घेत असाल तर औषधाचं नाव, घटक आणि कारखान्याचं लेबल असलेलीच घ्या, आणि ती चालू आहेत हे त्वचेच्या डॉक्टरांना सांगा. ते रागावतील म्हणून लपवू नका.

सांधे विसरू नका. सोरायसिस असलेल्या जवळजवळ तिघांत एकापर्यंत लोकांना पुढे त्याचा संधिवात होऊ शकतो, आणि झिजलेला सांधा परत येत नाही. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासापेक्षा जास्त आखडलेपण, एखादं बोट आख्खं सॉसेजसारखं सुजणं, टाच दुखणं, विश्रांतीने वाढणारी कंबरदुखी, यांतलं काहीही असलं तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे असणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. अशी नखं पुष्कळदा बुरशी समजून महिनोन्‌महिने चुकीच्या गोळ्यांवर काढली जातात. आधी नखाची तपासणी करून घ्या, नखं बारीक कापा, खाली काडी घालून कोरू नका.

त्याच दिवशी रुग्णालयात जायचं ते अशा वेळी: बहुतेक सगळं अंग लाल होऊन थंडी वाजू लागली, पायांना सूज आली, किंवा तापासोबत अंगभर पिवळट बारीक फोड उठले. हे घरी मलम लावून बघण्याचं काम नाही.

झोप उडणं, लोकांत जाणं टाळणं, सतत उदास वाटणं हाही या आजाराचाच भाग आहे, आणि तो डॉक्टरांना सांगायचा असतो. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

मुलीचं: आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण दहा-पंधरा टक्के धरतात, म्हणजे बहुतेक मुलांना होत नाही. आधीपासून टाळायची अशी लस नाही, पथ्य नाही. तिला घसा दुखून ताप आला आणि दोन-तीन आठवड्यांनी अंगावर थेंबाएवढे खवल्यांचे ठिपके उठले, तर लवकर दाखवा, कारण लहानांमध्ये तो बऱ्याचदा असाच सुरू होतो. तोवर तिला कुशीत घ्यायला, तिच्या ताटात जेवायला काहीच हरकत नाही.

पुढच्या भेटीला जाताना रिकाम्या ट्यूबा बरोबर न्या आणि त्या किती दिवसांत संपल्या ते सांगा. दर पंधरा दिवसांनी एकाच खिडकीपाशी, त्याच वेळी काढलेले चट्ट्यांचे फोटो आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी सोबत असली, तर तुमची उतरण पहिल्याच भेटीत नीट ठरवता येईल.